सर्व्हरवरील आज्ञावलींमधील प्राचलांची हाताळणी व दोषशोधन : एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन प्रवेश, परीक्षा अर्ज, गुणनोंद, निकाल अशी अनेक कामे आज संकेतस्थळांद्वारे पार पाडली जातात. या कामांत वापरकर्त्याने भरलेली माहिती ‘प्राचल’ म्हणजेच पॅरामीटर या रूपाने सर्व्हरवरील आज्ञावलीकडे पोहोचते. प्राचलाचा अर्थ लावताना झालेली चूक बहुधा पडद्यावर दिसत नाही. आज्ञावली चालू राहते आणि नोंद मात्र चुकीची होते. प्रस्तुत लेखात प्राचलांचा प्रवास, त्यांच्या हाताळणीतील नेहमीचे दोष, मराठी मजकुरामुळे उद्भवणाऱ्या विशेष अडचणी आणि दोषशोधनाची क्रमबद्ध पद्धती यांचे विवेचन केले आहे. उदाहरणे प्रामुख्याने पीएचपी या भाषेतील आहेत.

बीजसंज्ञा : प्राचल, सर्व्हर, पीएचपी, दोषशोधन, युनिकोड, माहितीची सुरक्षितता.

१. प्रस्तावना

संगणकातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवण्यात आला. यंत्रातील दोषाला हा शब्द त्यापूर्वीही वापरला जात असे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही तो आढळतो. या घटनेतील महत्त्वाची बाब मात्र वेगळीच आहे. तेथील तंत्रज्ञांनी दोष केवळ दूर केला नाही, तर तो कोठे सापडला याची वेळेसह नोंद केली. दोषशोधनाचे हेच मूलतत्त्व होय.

सर्व्हरवरील आज्ञावलीचा दोष शोधणे हे एकाच संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीच्या मानाने अधिक कठीण असते. माहिती भरणारी व्यक्ती एका ठिकाणी, आज्ञावली दुसऱ्या ठिकाणी आणि माहितीसंग्रह कदाचित तिसऱ्याच ठिकाणी असतो. शिवाय प्रत्येक विनंती काही क्षणांत पूर्ण होऊन संपते. तिची खूण राहते ती केवळ नोंदवहीत, आणि तीही नोंदवही ठेवली असेल तरच. म्हणून प्राचलांचा प्रवास नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

२. प्राचलांचा प्रवास

संकेतस्थळावरील स्थिर पानांना आज्ञावलीची जोड देणारा ‘कॉमन गेटवे इंटरफेस’ म्हणजेच सीजीआय हा संकेत १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात आकारास आला. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये त्याची १.१ ही आवृत्ती आरएफसी ३८७५ या दस्तऐवजाद्वारे नोंदविली गेली. भाषा आणि साधने बदलली तरी त्यातील मूळ कल्पना आजही कायम आहे.

प्राचले मुख्यतः दोन मार्गांनी पाठविली जातात. ‘गेट’ पद्धतीत ती पत्त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हानंतर जोडली जातात. नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य अशी एक जोडी तयार होते व दोन जोड्यांच्या मध्ये ‘अँड’ चिन्ह येते. ‘पोस्ट’ पद्धतीत ही माहिती विनंतीच्या मुख्य भागातून जाते. गेट पद्धत माहिती वाचण्यासाठी आणि पोस्ट पद्धत माहितीत बदल घडविण्यासाठी वापरावी, असा संकेत आहे. गेट पद्धतीतील प्राचले ब्राउझरच्या इतिहासात तसेच सर्व्हरच्या नोंदवहीत राहतात. त्यामुळे परवलीचा शब्द किंवा आधार क्रमांक या मार्गाने पाठविणे सर्वथा अयोग्य होय. तथापि पोस्ट पद्धत म्हणजे गुप्तता, असाही समज करून घेऊ नये. मार्गातील गुप्तता सांकेतिक जोडणीमुळे लाभते, पद्धतीमुळे नव्हे.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. कोणत्याही मार्गाने आले तरी प्राचल हे मुळात केवळ अक्षरांची माळ असते. अर्जात ‘७५’ असे लिहिले म्हणून सर्व्हरला संख्या मिळत नाही. तिला संख्येचे रूप देण्याचे काम आज्ञावलीला करावे लागते. बहुसंख्य दोषांचा उगम या रूपांतरात आहे.

अर्ज पाठविताना काही चिन्हांचेही रूपांतर होते. रिक्त जागेऐवजी अधिकचिन्ह पाठविले जाते. म्हणून हाताने तयार केलेल्या पत्त्यात दूरध्वनी क्रमांकाच्या आधीचे अधिकचिन्ह तसेच ठेवले, तर सर्व्हरला त्या जागी रिक्त जागा मिळते. मूल्यातच ‘अँड’ चिन्ह असेल आणि ते योग्य रीतीने सांकेतिक केले नसेल, तर त्यापुढील मजकूर स्वतंत्र प्राचल समजला जातो. अशा वेळी आज्ञावलीत चूक शोधत बसण्यापेक्षा पत्ता कसा तयार झाला हे पाहणे इष्ट ठरते.

३. विश्वासाचा प्रश्न : पीएचपीचा अनुभव

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आरंभ केलेली पीएचपी ही भाषा शिकण्यास सोपी असल्याने झपाट्याने पसरली. तिच्या प्रारंभीच्या काळात ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सोय होती. पत्त्यात जे नाव येई त्याच नावाचे चल आज्ञावलीत आपोआप तयार होई. ही सोय जितकी सुखाची तितकीच घातक होती. आज्ञावलीत ‘अधिकृत’ नावाचे चल असेल आणि त्याला आरंभीचे मूल्य दिलेले नसेल, तर पत्त्यात तेच नाव लिहून कोणालाही स्वतःस अधिकृत ठरविता येई.

हा धोका ध्यानात आल्यावर डिसेंबर २००१ मधील ४.१ आवृत्तीत गेट, पोस्ट व कुकी यांतील माहितीसाठी स्वतंत्र संग्रह देण्यात आले. एप्रिल २००२ मधील ४.२ आवृत्तीपासून जुनी सोय मूलतः बंद ठेवली गेली आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीत ती कायमची काढून टाकण्यात आली. ‘ओवास्प’ या संस्थेने २००३ मध्ये संकेतस्थळांच्या दहा प्रमुख दोषांची पहिली यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या अग्रस्थानी ‘न तपासलेली प्राचले’ हाच दोष होता, हे येथे उल्लेखनीय आहे.

यातून मिळणारा धडा असा की, ब्राउझरकडून आलेली प्रत्येक गोष्ट परक्याकडून आलेली मानावी. अर्जातील निवडसूचीत चारच पर्याय दिले म्हणून पाचवे मूल्य येणार नाही, असे मानता येत नाही. लपविलेले क्षेत्र केवळ डोळ्यांपासून लपलेले असते. ब्राउझरमध्ये केलेली तपासणी वापरकर्त्याच्या सोयीसाठी असते, तर सर्व्हरवरील तपासणी माहितीच्या रक्षणासाठी असते.

४. एका अवतरणचिन्हाची कथा

गोव्यात, वसईत आणि मुंबईत डि’सोझा, डि’मेलो ही आडनावे सर्वत्र आढळतात. रोमन लिपीत ही आडनावे बहुधा एकेरी अवतरणचिन्हासह लिहिली जातात. समजा, एखाद्या अर्जात या आडनावाच्या विद्यार्थिनीची नोंद होत नाही. इतर सर्वांची मात्र होते. वरवर पाहता हा किरकोळ दोष वाटतो.

प्रत्यक्षात त्याचे मूळ गंभीर असते. एसक्यूएल या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांमध्ये ठेवला जातो. आज्ञावलीने आज्ञा आणि आडनाव एकमेकांना जोडून एकच वाक्य तयार केले, तर आडनावातील चिन्हापाशी मजकूर संपला असा अर्थ माहितीसंग्रह लावतो आणि उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग समजली जातात. सरळ मनाने भरलेले आडनाव येथे वाक्य मोडते. कुटिल हेतूने भरलेला मजकूर मात्र हव्या त्या आज्ञा चालवू शकतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन असे म्हणतात. या प्रकारच्या दोषाचे विवेचन ‘फ्रॅक’ या नियतकालिकात १९९८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले होते. विद्यार्थिनीची तक्रार ही अशा रीतीने धोक्याची पूर्वसूचना असते.

यावर केले जाणारे काही उपाय रोगापेक्षा वाईट असतात. अवतरणचिन्ह गाळून टाकणे हा असाच एक उपाय. त्यामुळे नोंद होते, परंतु गुणपत्रिकेवरील आणि इतर कागदपत्रांवरील नावांत कायमची तफावत निर्माण होते. पीएचपीतील ‘मॅजिक कोट्स’ ही सोय प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी आपोआप उलटी तिरकी रेघ घाली. त्यामुळे अनेक संकेतस्थळांवर आडनावांत निरर्थक रेघा दिसू लागत. ही सोयही ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

खरा उपाय म्हणजे आज्ञा आणि मूल्य वेगवेगळ्या वाटांनी पाठविणे. प्रथम मूल्याच्या जागा मोकळ्या ठेवून आज्ञा सिद्ध करावयाची आणि नंतर त्या जागी मूल्ये बांधावयाची. पीएचपीमध्ये २००४ मधील ५.० आवृत्तीपासून मायएसक्यूएलआय आणि २००५ मधील ५.१ आवृत्तीपासून पीडीओ या साधनांद्वारे हे शक्य झाले आहे. हीच दृष्टी माहिती पडद्यावर दाखवितानाही ठेवावी. प्राचलातील मजकूर पानात जसाच्या तसा छापल्यास त्यातील खुणा ब्राउझर आज्ञा म्हणून पाळतो. म्हणून छापताना त्या खुणांचे निरुपद्रवी रूप करून घेणे आवश्यक असते.

५. शून्य, रिक्त आणि अनुपस्थित

गुणनोंदीच्या कामात तीन अवस्थांतील भेद महत्त्वाचा असतो. विद्यार्थ्याला शून्य गुण मिळणे, गुण भरावयाचे राहून जाणे आणि ते क्षेत्र सर्व्हरपर्यंत न पोहोचणे या तीन भिन्न गोष्टी आहेत. पीएचपीतील ‘एम्प्टी’ हे फलन मात्र या तिन्हींना एकच उत्तर देते; त्याच्या दृष्टीने ‘०’ ही अक्षरमाळही रिक्तच असते. परिणामी शून्य गुण मिळालेल्या विद्यार्थ्याची नोंद ‘गुण भरलेले नाहीत’ अशी होऊ शकते. चौकटीतील खूण केली नाही तर ब्राउझर ते प्राचल पाठवितच नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

तुलनेचा प्रश्नही असाच आहे. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत कोणतीही बिनअंकी अक्षरमाळ शून्य या संख्येशी सैल तुलनेत समान ठरे. नोव्हेंबर २०२० मधील ८.० आवृत्तीत हे वर्तन बदलले. त्यामुळे जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीवर नेताना तिचे निर्णय मुकाट्याने बदलू शकतात. प्रकारासह काटेकोर तुलना करणे हाच यावरील मार्ग होय. तसेच बैठक क्रमांक, पिनकोड, दूरध्वनी क्रमांक यांच्यावर बेरीज-वजाबाकी करावयाची नसते. म्हणून त्यांना संख्या न मानता मजकूरच मानावे. अन्यथा क्रमांकाच्या आरंभीचे शून्य नाहीसे होते.

६. मराठी मजकुराच्या विशेष अडचणी

पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा रोमन लिपीतील असल्याने पुढील अडचणींकडे दुर्लक्ष होते.

पहिली अडचण लांबीची. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हे आहेत : प, उकार, ण आणि एकमात्रा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे या शब्दाचे बारा बाइट होतात. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह आणि दोन अक्षरे लागतात, म्हणजे एकूण छत्तीस अक्षरे. वाचकाला दोन अक्षरांचा वाटणारा शब्द अशा रीतीने छत्तीस स्थाने व्यापतो. बाइट मोजणाऱ्या फलनाने लांबी तपासल्यास मराठी नाव विनाकारण नाकारले जाते किंवा अक्षराच्या मध्येच तोडले जाते. अर्जाचे पान, आज्ञावली आणि माहितीसंग्रहाची जोडणी यांपैकी एकाने जरी वेगळी पद्धत मानली, तरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

दुसरी अडचण अंकांची. वापरकर्त्याने देवनागरी अंकांत ‘७५’ लिहिले, तर भाषेपरत्वे वेगळे फळ मिळते. पायथन आणि जावा यांची पूर्णांक वाचणारी फलने हे अंक ओळखतात व पंचाहत्तर ही संख्या देतात. जावास्क्रिप्टचे संख्या-रूपांतर ‘ही संख्या नव्हे’ असे सांगते. पीएचपीमध्ये सक्तीचे पूर्णांक-रूपांतर केल्यास कोणतीही तक्रार न करता शून्य मिळते. पंचाहत्तर गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य लागते आणि पडद्यावर ‘नोंद यशस्वी’ असा संदेश येतो. म्हणून तपासणीपूर्वी देवनागरी अंकांचे रोमन अंकांत रूपांतर करून घ्यावे आणि त्यानंतरही मूल्य अंकीय नसेल तर ते स्पष्ट शब्दांत नाकारावे.

तिसरी अडचण एकाच अक्षराच्या अनेक लेखनांची. ‘कऱ्हाड’ या गावाच्या नावातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. याखेरीज ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांच्या साहाय्यानेही तेच रूप उमटते. डोळ्यांना तिन्ही सारखी, संगणकाला तिन्ही वेगळी. परिणामी शोध घेणाऱ्याला ‘या गावाची नोंद नाही’ असे उत्तर मिळते. पहिल्या दोन रूपांचे ऐक्य युनिकोडच्या प्रमाणीकरणाने साधते. तिसऱ्यासाठी मात्र स्वतंत्र नियम करावा लागतो.

७. मूकपणे गाळली जाणारी प्राचले

सर्व्हरच्या मर्यादांमुळे होणारे दोष सर्वांत फसवे असतात. डिसेंबर २०११ मध्ये असे दाखवून देण्यात आले की, मुद्दाम निवडलेल्या नावांची असंख्य प्राचले एकाच विनंतीत पाठवून सर्व्हर निकामी करता येतो. त्यावर उपाय म्हणून जानेवारी २०१२ मधील पीएचपीच्या ५.३.९ आवृत्तीत एका विनंतीतील प्राचलांच्या संख्येवर मूलतः १००० ची मर्यादा घालण्यात आली.

आता समजा, एका वर्गात १५० विद्यार्थी आणि ७ विषय आहेत आणि सर्वांचे गुण एकाच पानावर भरावयाचे आहेत. क्षेत्रांची संख्या १०५० होते. पहिली १००० मूल्ये पोहोचतात आणि उरलेली ५० गाळली जातात. पहिल्या १४२ विद्यार्थ्यांचे सर्व गुण नोंदले जातात, १४३ व्या विद्यार्थ्याचा शेवटचा विषय राहतो आणि अखेरच्या सात जणांचे काहीच नोंदले जात नाही. भरणाऱ्याने सर्व गुण भरलेले असतात, आज्ञावलीतही चूक नसते. मागील वर्षी विद्यार्थी १४० होते, म्हणून तेव्हा सर्व काही सुरळीत होते. मर्यादा ओलांडल्याचा इशारा पीएचपी देते. परंतु तो वाचावयाचा असतो सर्व्हरच्या नोंदवहीत.

असाच प्रकार जोडपत्रांच्या बाबतीत घडतो. पोस्ट विनंतीच्या एकूण आकाराची मूळ मर्यादा ८ मेगाबाइट असते. ती ओलांडल्यास केवळ मोठी फाइलच नव्हे, तर संपूर्ण पोस्ट संग्रहच रिकामा मिळतो. अर्जदाराने नाव लिहिलेले असूनही ‘नाव भरलेले नाही’ असा संदेश त्याला दिसतो. नावाच्या तपासणीत दोष शोधणाऱ्यास तो कधीच सापडत नाही, कारण दोष तेथे नसतोच.

८. दोषशोधनाची क्रमबद्ध पद्धती

वरील विवेचनावरून दोषशोधनाचे पुढील टप्पे सांगता येतात.

(१) पुनरावृत्ती : दोष पुन्हा घडवून आणावा. ‘अर्ज जात नाही’ एवढी तक्रार पुरेशी नाही. नेमकी कोणती मूल्ये भरली, कोणत्या लिपीत, किती क्षेत्रे होती हे विचारून घ्यावे.

(२) चार ठाणी : ब्राउझरने पाठविलेली मूळ विनंती, सर्व्हरला मिळालेला संग्रह, रूपांतरानंतरचे मूल्य आणि माहितीसंग्रहात झालेली नोंद या चार ठिकाणी तेच प्राचल तपासावे. ज्या दोन ठाण्यांच्या दरम्यान मूल्य बदलते, तेथेच दोष असतो.

(३) मूल्याचे पूर्ण दर्शन : मूल्य नुसते छापून भागत नाही. त्याचा प्रकार, बाइटमधील लांबी आणि दोन्ही बाजूंना कंस लावून ते पाहावे. शेवटची रिक्त जागा आणि न दिसणारे जोडचिन्ह अशा वेळीच उघड होते.

(४) नोंदवहीचे वाचन : चालू संकेतस्थळावर दोषसंदेश पडद्यावर दाखविणे बंद ठेवावे, कारण त्यातून फाइलींची स्थाने आणि माहितीसंग्रहाची रचना परक्यांना कळते. मात्र तेच संदेश नोंदवहीत अवश्य लिहिले जावेत. पडद्यावरील संदेश बंद करून नोंदवहीही न ठेवणे म्हणजे आंधळेपणाने काम करणे होय. नोंदवहीत परवलीचे शब्द व वैयक्तिक माहिती लिहिली जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी.

(५) एका वेळी एक बदल : अनेक बदल एकदम केल्यास दोष नाहीसा झाला तरी त्याचे कारण अज्ञातच राहते.

(६) चाचणीचे जतन : ज्या मूल्याने दोष उघड केला ते मूल्य कायमची चाचणी म्हणून जपावे. डि’सोझा, कऱ्हाड, देवनागरी ७५, शून्य गुण आणि १०५० क्षेत्रांचा अर्ज एवढ्या पाच चाचण्यांतून येथे चर्चिलेले बहुतेक दोष उघड होऊ शकतात.

याखेरीज एक प्रश्न प्रत्येक प्राचलाबाबत विचारला पाहिजे : मूल्य योग्य आहे, परंतु ते पाठविण्याचा या व्यक्तीला अधिकार आहे काय? पत्त्यातील बैठक क्रमांक बदलून दुसऱ्याची गुणपत्रिका पाहता येत असेल, तर ते मूल्य प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होते आणि तरीही माहिती उघडी पडते. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत प्रवेशनियंत्रणाचा भंग हा दोष अग्रस्थानी होता. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाल्यामुळे या प्रश्नाला कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे.

९. निष्कर्ष

प्राचल म्हणजे वापरकर्ता आणि आज्ञावली यांच्यातील संवाद होय. त्यातील प्रत्येक मूल्य मजकूर म्हणून येते. त्याचा अर्थ, प्रकार, मर्यादा आणि अधिकार ठरविण्याची जबाबदारी सर्व्हरवरील आज्ञावलीची असते. आज्ञावली थांबते तेव्हा दोष निदान दिसतो. ती न थांबता चुकीची नोंद करते तेव्हा मात्र त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते, आणि ती बहुधा निकाल लागल्यानंतरच कळते. म्हणून संशयास्पद मूल्याला शून्य मानून पुढे जाण्यापेक्षा ते नाकारून कारण सांगणारी आज्ञावली अधिक विश्वासार्ह समजावी. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहिण्याबरोबरच नोंदवही वाचण्याचा आणि मराठी मजकुरावर चाचण्या घेण्याचाही सराव दिल्यास या दोषांना मोठ्या प्रमाणात आळा बसेल.